कासच्या पुढचा रस्ता : बामणोली, बार्ज आणि तापोळा

जेमतेम ३५-४० किलोमीटरचा रस्ता. साताऱ्यात समर्थ मंदिरापासून वर निघतो, यवतेश्वरचा घाट चढतो, कासच्या सड्यावरून, म्हणजे पठारावरून जातो, झाडीतून खाली उतरतो आणि बामणोलीत शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठाशी येऊन थांबतो. नकाशात त्याच्यापुढे निळा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यापलीकडे पुन्हा गावांची नावं. ती गावंही सातारा जिल्ह्यातलीच. त्यांचं रेशन, औषधपाणी, लग्नाचं वऱ्हाड, मुंबईहून आलेली पोरंबाळं, सगळं या पाण्यावरून ये-जा करतं. आपण बहुतेक जण सप्टेंबरात कासला येतो आणि फुलं बघून माघारी वळतो. मला पुढचा तुकडा बघायचा होता, म्हणून मुद्दाम फेब्रुवारी निवडला. फुलं नाहीत, गर्दी नाही आणि जलाशयाचं पाणी उतरायला लागलेलं.

पहिला दिवस : सातारा ते बामणोली

सकाळी लवकर निघालो. पेट्रोल साताऱ्यातच भरून घेतलं, कंदी पेढ्यांचा एक पुडा गाडीत टाकला. सोबत माझा जुना मित्र, गाडी त्याची. घाट चढताना अजिंक्यतारा आधी वर दिसतो, मग बरोबरीला येतो आणि शेवटी खाली राहतो. यवतेश्वर मागे पडलं की रस्ता डोंगराच्या धारेवरून चालतो. डावीकडे दरीत उरमोडी धरणाचं पाणी आणि त्याच्या अंगाला सज्जनगड, उजवीकडे कण्हेरचं पाणी. सकाळच्या उन्हात दोन्हीकडे पाणी चमकत होतं. इथे गाडी थांबवायला फार जागा नाही, पण जिथे मिळेल तिथे थांबावं.

कासचं पठार फेब्रुवारीत ओळखू येत नाही. सगळीकडे तपकिरी, वाळलेलं गवत आणि उघडा पडलेला जांभा. पण मला तर वाटतं, कास समजून घ्यायचं असेल तर याच दिवसांत यावं. पावसाळ्यात फुलांवरून नजर हटत नाही, आता दगड दिसतो. खाली बसून बघितलं. जांभ्याच्या खळग्यात बोटभर मातीचा थर, तोही वाळून तडकलेला, आणि त्यावर गेंदाच्या सुकलेल्या काड्या. या एवढ्याशा मातीवर सगळा संसार. खाली कातळ असल्यामुळे मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही आणि पावसाचं पाणी जागोजाग साचून राहतं. म्हणून इथे राज्य चालतं ते वीतभर उंचीच्या रोपांचं. सीतेची आसवं आणि दवबिंदू यांनी तर मातीतून मिळत नाही ते किडे पकडून मिळवायची सोय करून घेतली आहे. वायतुरा आत्ता मातीखाली कंदाच्या रूपात पडून आहे. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवीचे गोलसर पुंजके मात्र लगेच ओळखू येतात. काही वर्षांतून एकदाच फुलणारं हे झुडूप, बाकीची वर्षं नुसतं तग धरून असतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा मिळाला, त्यात कास आहे. त्या वारशाची जाडी बोटभर आहे, हे प्रत्येकाने एकदा हात लावून बघावं आणि मग गाडी रस्त्याच्या बाहेर घालायची की नाही ते ठरवावं.

कास तलावापाशी थोडं थांबलो. साताऱ्याला इथून उताराने पाणी जातं, इंग्रजांच्या काळापासून. अलीकडे बांधाची उंची वाढवल्यामुळे तलाव चांगला ऐसपैस झाला आहे.

त्यानंतर उतार. पठाराची उघडी उन्हं संपतात आणि एकदम सावली लागते. जांभूळ, हिरडा, अंजनी. अंजनीला फुलं यायला अजून अवकाश होता. वळणं बरीच आहेत आणि समोरून एसटी आली तर एकाला मागे घ्यावंच लागतं. आम्हाला आली. ड्रायव्हरने हात दाखवून कुठवर मागे घ्यायचं ते सांगितलं, जाताना मान हलवली. मग एका वळणावर झाडांच्या फटीतून पाणी दिसलं आणि त्यापलीकडे सह्याद्रीची निळसर रांग.

बामणोलीत रस्ता खरोखर संपतो. शेवटची दुकानं, बोट क्लबची खिडकी, जीप उभ्या करायची जागा आणि मग उतार थेट पाण्यात. फेब्रुवारी असल्यामुळे पाणी धक्क्याला लागलेलं नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्या संपल्या की पुढे चिखल-मातीची वाट होती, तिच्यावर दगड टाकलेले, आणि त्या टोकाला लाँचा लागलेल्या. समोरच्या सगळ्या डोंगरांच्या पायथ्याला एकसारखा लाल पट्टा दिसत होता. वर झाडी, खाली पाणी आणि मध्ये उघडी लाल माती. पावसाळ्याअखेरीस पाणी झाडीला टेकलेलं असतं.

दुपारच्या एसटीतून माणसं उतरली ती थेट लाँचकडे चालायला लागली. कुणाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, कुणाच्या हातात रोपांची जुडी, एका बाईच्या कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. लाँचवाला मोजत होता. एक म्हातारबाबा मागे राहिलेले, त्यांच्यासाठी सगळे थांबले. कुणी कुरकुर केली नाही. गाडी सुटली तर पुढची मिळेल असा इथे हिशेब नाही, लाँच सुटली तर दिवस गेला.

संध्याकाळी काठावरच्या तंबूत मुक्काम. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. थंडी चांगलीच होती.

दुसरा दिवस : पाण्यावर

सकाळी लाँच ठरवली. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या तरुणांची रांग आमच्या आधीपासून लागलेली. वनखात्याची परवानगी, ओळखपत्रं, सोबत नेलेल्या प्लास्टिकची मोजदाद असा सगळा सोपस्कार चालला होता. परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवावं लागतं. फार चांगली पद्धत आहे. आम्ही वासोटा यावेळी सोडला. मला पाणी बघायचं होतं आणि पाण्याकाठची माणसं.

लाँचवाले मामा साठीचे असतील. सगळा जन्म या पाण्यावर गेलेला. त्यांनी इंजिन सुरू केलं, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली आणि विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" पुण्याचे म्हटल्यावर म्हणाले, "मंग तुमच्याकडं बी आमची मान्सं हायती." जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली किती घरं मुंबई-पुण्यावर चालतात हे साताऱ्याकडच्यांना सांगायला नको. माथाडी कामगारांत इकडची नावं भरपूर.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. तिथून निघालेल्या कृष्णा आणि वेण्णा यांना पूर्वेला वळावंसं वाटतं, ही मात्र सह्याद्रीला समांतर सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकला येऊन पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या वळणापाशीच धरण बांधलं, १०३ मीटर उंचीचं. काम १९६४ मध्ये पुरं झालं. नदीचं खोरं उत्तर-दक्षिण लांब आणि अरुंद असल्यामुळे जलाशयही तसाच झाला, सुमारे ५० किलोमीटर लांब. साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली कोकण, पूर्वेला हे लांबलचक पाणी, आणि दोघांच्या मध्ये सापडलेली चिंचोळी पट्टी. त्या पट्टीतल्या माणसांना पूर्वी नदी ओलांडायची होती, उन्हाळ्यात तर पायी. त्यांच्यापुढे आता समुद्रासारखं पाणी आलं. खोऱ्यातले रस्ते, पायवाटा, बैलगाडीच्या वाटा, सगळं तळाशी गेलं. बामणोलीचा रस्ता पाण्यापाशी संपतो तो त्यामुळे.

मामांनी इंजिन हळू केलं आणि काठाकडे बोट केलं. उतारावर, लाल पट्ट्यात, दगडांची एक सरळ ओळ पाण्यात शिरत होती. "ही जुनी वाट. पानी उतरलं की दिसती बगा. मे म्हैन्यात आनखी खाली उतरलं की चौथरं दिसत्यात घरांचं." त्यांच्या आईचं माहेर तिथे खाली होतं. धरणात गेलेल्या गावांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशा लांबलांबच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या. काही गेले, काही जाऊन परत आले, काही डोंगरात वर सरकून राहिले. पुनर्वसनासाठी कोयनानगरला आजही धरणग्रस्तांना ठिय्या मांडून बसावं लागतं. माझ्या घरात बटण दाबल्यावर दिवा लागतो, त्यात या माणसांच्या गावाचा वाटा आहे आणि त्यांचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. याची मला खरोखर लाज वाटली आणि ती इथे लिहिणं मला भाग आहे.

पाणी का उतरतं तेही समजून घेण्यासारखं आहे. शेतीसाठी खाली सोडलं जातं तेवढंच नाही. नवजाकडे पाणी बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे कोसळतं, वीज तयार करतं आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी उलट दिशेला वळवायचं, म्हणून त्यावर मर्यादा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलं आहे. जून ते मे असं त्याचं वर्ष. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाच्या खालून बोगदा आणून तळाला भोक पाडलं होतं, ते लेक टॅपिंग अनेकांना आठवत असेल. अजून खालच्या पातळीचं पाणी वापरता यावं हा त्यामागचा हेतू. मुंबईतल्या एखाद्या संध्याकाळी विजेची मागणी वाढते, इथे पाणी थोडं उतरतं आणि लाँचवाल्याला दुसऱ्या दिवशी धक्क्यापुढे दोन दगड जास्त टाकावे लागतात. मामांना पाण्याची पातळी कुठल्या कागदावर बघावी लागत नाही. कुठला खडक उघडा पडला यावरून ते सांगतात.

शेंबडीच्या दत्तमंदिरापाशी थोडा वेळ उतरलो. मग पश्चिम काठाने चाललो. वासोटा समोर, जुना वासोटा त्याच्या बाजूला. पेशवाईत इथे कैदी ठेवत. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तो घेतला. या काठाचं जंगल कोयना अभयारण्याचं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं. काठावर माणसाची खूण नाही. मामांनी इंजिन बंद केलं तेव्हा वरच्या झाडीतून माकडाचा खकारा आला, एवढंच.

माघारी येताना एका वाडीच्या खाली थांबलो, तिथून दोन माणसं घ्यायची होती. पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरलेला, हिरवागार. गाळपेर म्हणतात त्याला. नांगरट फारशी नाही, खत नाही, ओल आयती. पाणी जसं मागे सरकेल तशी पेर पुढे सरकते, आणि पावसाळ्यात सगळं परत बुडतं. जमीन सरकारच्या ताब्यात गेलेली, पण कधीकाळी याच माणसांच्या आजोबांची. एका आजींनी आम्हाला हरभरा दिला, डहाळ्यासकट. "खा लेकरांनो, ह्यो आमच्या बुडाल्या शेतातला हाय." आजी लाँचमध्ये माझ्या शेजारी बसल्या. १९६७ च्या भूकंपाचं विचारलं तर म्हणाल्या, पहाट होती, भांडी पडायला लागली, मग भिंत आली. तो ११ डिसेंबर होता. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. एवढं सांगून आजी गप्प झाल्या आणि मीही पुढे विचारलं नाही.

तिसरा दिवस : बार्जवरून तापोळ्याला

आज गाडीसकट पाणी ओलांडायचं होतं. बामणोलीच्या भागातून जलाशयाच्या काठाकाठाने उत्तरेला जाणारा रस्ता आहे. अरुंद, कुठे डांबर, कुठे नुसती खडी. मध्ये सोळशी नदीचं पाणी आडवं येतं. तिथे पलीकडे तापोळं, आणि मध्ये बार्ज. कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तिघींचं पाणी तापोळ्यापाशी एकत्र येतं. पूर्वी ते नद्यांचे संगम होते, आता एकच मोठं पाणी दिसतं आणि कुठलं कुणाचं ते फक्त डोंगरांच्या घळींवरून ओळखायचं.

बार्ज पलीकडे होती. आमच्या पुढे सिमेंटची पोती भरलेला एक पिकअप, दोन मोटारसायकली आणि एक वडाप, म्हणजे भाड्याने माणसं नेणारी जीप. सावलीला बसलो. जीपमधल्या एका काकूंना तापोळ्यात दवाखान्यात जायचं होतं, पाय सुजलेला. बार्ज यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात त्या काहीही न बोलता पाण्याकडे बघत बसल्या होत्या.

बार्ज म्हणजे लोखंडाचा सपाट तराफा, दोन्ही बाजूंना कठडे, पुढे खाली पडणारं झापड. काठाला लागली, झापड मातीवर आपटलं. पण पाणी उतरल्यामुळे झापड आणि वाट यांच्यात फट राहत होती. बार्जवरचे दोघे फावडं घेऊन उतरले, माती ओढली, दगड बसवले, एकाने वर उभं राहून पायाने दाबून बघितलं. हे त्यांना दर काही दिवसांनी नव्याने करावं लागतं, कारण धक्का काँक्रीटचा असला तरी पाणी त्याच्यासाठी थांबत नाही. मग चढवण्याचा क्रम. पिकअप सगळ्यांत जड, म्हणून मधोमध. जीप एका अंगाला, आमची गाडी दुसऱ्या अंगाला, मोटारसायकली उरलेल्या फटीत. "पाव्हणं, उलटी घ्या. आनखी. आनखी. बास!" हात पसरून उभा असलेला तो पोरगा विशीतला असेल, पण त्याच्या हाताच्या खुणेबाहेर कुणी चाक फिरवलं नाही. "गाडी गेरात टाका, हँडब्रेक वढा आन् खाली उतरा." प्रत्येक चाकामागे दगड. पिकअप चढताना बार्ज एका बाजूला झुकली आणि मधोमध आल्यावर सरळ झाली, ते पायांना नीट कळलं.

ओलांडायला वेळ फार लागत नाही. कठड्याला टेकून उभा राहिलो. सकाळचं ऊन, पाण्यावर वारा, एका बाजूला महाबळेश्वरकडे चढत गेलेला डोंगर. सुंदर होतं, अतिशय सुंदर. तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतात, त्याची काही गरज नाही, ते तापोळं म्हणूनच पुरेसं देखणं आहे.

जलाशयात पुलाचे खांब दिसत होते. तापोळ्यातून अहिरकडे जाणाऱ्या पुलाचं काम. या पुलाबद्दल आम्हा फिरस्त्यांत हळहळ ऐकू येते, की बार्जची मजा जाईल, इथलं निवांतपण जाईल. मला हे पटत नाही. कांदाटी खोऱ्यातल्या शिंदी, वळवण, अकल्पे या गावांकडे बघा. तालुका महाबळेश्वर, पण मध्ये पाणी. त्यांना गाडीने बाहेर पडायला रघुवीर घाटाने कोकणात, खेडला उतरणं सोयीचं. पावसाळ्यात त्या घाटात दरड आली की तेही बंद. रात्री बाळंतीण अडली तर लाँचवाल्याला उठवायचं, वादळ असलं तर वाट बघायची. साठ वर्षं ही माणसं आपल्यासाठी विजेचं पाणी सांभाळत बसली आहेत. त्यांना पूल मिळायलाच हवा आणि एक नाही, जिथे जिथे गरज आहे तिथे सगळीकडे मिळायला हवा. बार्जची मजा त्यापुढे काहीच नाही. फक्त पुलामागोमाग काठावर जे बांधकाम येईल, त्याला आत्ताच आवर घातला पाहिजे. नाहीतर ज्यांनी जमीन दिली त्यांच्या उरल्यासुरल्या उतारावर हॉटेलं उभी राहतील आणि तेच तिथे वाढपी म्हणून राबतील.

पलीकडे उतरल्यावर आधी जीप सोडली. पिकअप आमच्या आधी चढलेला, पण त्याच्या ड्रायव्हरने स्वतःहून मागे राहून काकूंना वाट दिली.

तापोळ्यात चहा घेतला आणि महाबळेश्वरचा घाट धरला. पंचवीस-तीस किलोमीटरची चढण, वळणावळणाची. वर जाताना खाली जलाशयाचे फाटे एकेक करून दिसत जातात, बोटं पसरलेल्या हातासारखे. मग स्ट्रॉबेरीचे वाफे, मग हॉटेलांच्या पाट्या. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच धारा. कोयनेची धार हातभर रुंदही नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. बार्ज सुरू आहे का हे आदल्या दिवशी बामणोलीत किंवा तापोळ्यात विचारून ठेवा, वारा आणि पाण्याची पातळी यावर ते ठरतं. अंधार पडायच्या आत ओलांडा. बार्ज मिळाली नाही तर साताऱ्याला परत येऊन मेढा-केळघर घाटाने महाबळेश्वरला जाता येतं. सुट्टे पैसे आणि पाणी जवळ ठेवा, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. आणि धक्क्यावर गर्दी असेल तर गावातल्या माणसांना आधी जाऊ द्या, तुमचा नंबर पुढे असला तरी.